हौशी विद्यार्थ्याचा पहिला लेसर

आमच्या शेजारी राहणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी काही दिवसांपूर्वी वीतभर लांबीची एक ॲल्युमिनियमची नळी घेऊन घरी आला. मोडक्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला ज्वारीच्या दाण्याएवढा डायोड, जुन्या विजेरीचे घर, एक भिंग आणि दोन बॅटऱ्या एवढ्या सामग्रीतून त्याने हातात धरावयाचा लेसर तयार केला होता. "काका, याने काडी पेटते," असे म्हणून त्याने ती पेटवूनही दाखविली. मुलाच्या डोळ्यांत कर्तृत्वाचा आनंद होता. त्या डोळ्यांवर चष्मा मात्र नव्हता. डायोडमधून किती प्रवाह जातो असे विचारले, तेव्हा "अंदाजाने ठेवला आहे," असे उत्तर आले. प्रकाशाची शक्ती किती, हे तर त्याला सांगताच येईना.

या मुलाला रागवावे की शाबासकी द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विज्ञान पाठ करून परीक्षा देणाऱ्यांच्या गर्दीत कोणी हातात डाखणी घेतो, ही गोष्टच दुर्मीळ. शिवाय लेसरचा इतिहास हौशी माणसांना दूर ठेवणारा नाही. १९६० च्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर चालविला तो बोटाच्या पेराएवढ्या माणकाच्या कांडीवर, आणि तिच्याभोवतीचा दिवा छायाचित्रकारांच्या उपयोगाचा होता. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने आपल्या हौशी शास्त्रज्ञांच्या सदरात वायूचा लेसर घरी कसा करावा याची कृती छापली. त्याच १९६४ साली आपल्याकडे तुर्भे येथील अणुकेंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला.

डायोड-लेसरचे जनक रॉबर्ट हॉल यांची गोष्ट तर छंदाला कमी लेखणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत त्यांना गॅलियम आर्सेनाइडच्या सूक्ष्म तुकड्याच्या दोन बाजू एकमेकींना अचूक समांतर आणि आरशासारख्या चकचकीत करावयाच्या होत्या. हे काम हाताने घासून साधेल असा विश्वास त्यांना वाटला, कारण लहानपणी त्यांना दुर्बिणी बनविण्याचा नाद होता.

आज कोणी म्हणेल की, रस्त्यावर लेसरची पेन्सिल शेदोनशे रुपयांत मिळत असता हा खटाटोप कशासाठी? याचे एक उत्तर असे की, विकत घेतलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे हे कळत नाही आणि तिच्यावरची चिठ्ठी विश्वासार्ह असतेच असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १२२ लेसर-निर्देशक तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष सांगितले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि तांबड्यांपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षिततेच्या नियमात बसत नव्हते. स्वस्त हिरव्या लेसरमध्ये मुळात अदृश्य अवरक्त प्रकाश निर्माण करून स्फटिकाच्या साहाय्याने त्याचा हिरवा केला जातो. गाळणी वगळली की उरलेला अवरक्त प्रकाश हिरव्याबरोबर गुपचूप बाहेर पडतो. स्वतः जोडणी करणाऱ्याला निदान आपण काय जोडले हे ठाऊक असते. अर्थात, त्याने ते मोजले असेल तर.

खरे शिक्षण या मोजण्यातच आहे. लेसर डायोड हा साध्या दिव्यासारखा सोशीक नव्हे. एका ठरावीक प्रवाहापर्यंत तो मंद मिणमिणतो, तो उंबरठा ओलांडताच झपाट्याने उजळतो, आणि मर्यादेपुढे क्षणार्ध जरी गेला तरी कायमचा मरतो. त्याला थेट बॅटरी जोडून चालत नाही. प्रवाह स्थिर राखणारे मंडल लागते. एलएम ३१७ नावाची बाजारात सहज मिळणारी चकती आणि एक रोधक एवढ्यात ते होते. १.२५ ला रोधकाच्या ओहमने भागावे, म्हणजे प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. ३९ ओहम घातले तर सुमारे ३२ मिलिअँपिअर. पाच मिलिवॉटच्या पुष्कळशा तांबड्या डायोडांना एवढा प्रवाह पुरतो. तरी घेतलेल्या डायोडचा तक्ता पाहूनच रोधक निवडावा. शहाणा हौशी आधी लेसरच्या जागी दोनतीन साधे डायोड आणि एक ओहमचा रोधक लावतो. त्या रोधकावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. आकडा पटला, धारित्र रिकामे केले, की मगच खरा डायोड बसवावयाचा. ज्याने हे एकदा केले त्याला ओहमचा नियम पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आता डोळ्यांचा विचार. पाच मिलिवॉट म्हणजे फार थोडे, असे कोणालाही वाटेल. पण भर दुपारी सूर्याकडे पाहिले असता आकुंचित बाहुलीतून आत शिरणारा प्रकाशही तीन ते सात मिलिवॉटच असतो! सूर्याचे नेत्रपटलावरील प्रतिबिंब मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढे असते. लेसरच्या समांतर शलाकेचा ठिपका मात्र काही शतांश मिलिमीटरचा होतो. तेवढीच शक्ती कितीतरी पट लहान जागेवर पडते. एक मिलिवॉटपर्यंतच्या दृश्य प्रकाशापासून पापणी मिटण्याची सहज क्रिया डोळ्याला वाचविते. काडी पेटविणाऱ्या दीडदोनशे मिलिवॉटच्या बाबतीत पापणी मिटेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते; आणि नेत्रपटलाचा जळालेला भाग सहसा पूर्ववत होत नाही. आघात थेटच व्हावा लागतो असेही नाही. स्टीलचा पेला, खिडकीची काच, मनगटी घड्याळ यांवरून परतलेली शलाका पुरेशी असते. साधा गॉगल येथे कामाचा नाही. त्या विशिष्ट तरंगलांबीसाठी बनविलेलाच चष्मा हवा, आणि तो बहुधा सगळ्या लेसरपेक्षा महाग पडतो. आपल्याकडे २०२३ च्या गणेशविसर्जनाच्या मिरवणुकांनंतर लेसरच्या झोतांनी दृष्टी अधू झाल्याच्या तक्रारी नेत्रतज्ज्ञांनी मांडल्या होत्या. ती यंत्रे व्यावसायिकांची होती, हौशी मुलांची नव्हती. पण नेत्रपटलाला हा फरक कळत नाही.

म्हणून आमचे मत असे की, पहिला लेसर दुबळाच असावा. फुगे फोडणे आणि काड्या पेटविणे यांत शक्तीचे प्रदर्शन आहे, शिकण्यासारखे फारसे काही नाही. उलट पाच मिलिवॉटच्या आतील तांबडा लेसर शिक्षकाच्या देखरेखीखाली, डोळ्यांच्या पातळीखाली पक्का बसवून वापरला, तर त्याच्याकडून कितीतरी काम करून घेता येते. जुन्या सीडीवरील रेषांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते. शलाका तिच्यावर सरळ सोडली तर ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा पहिला बाजूचा ठिपका सुमारे २४ अंशांवर, म्हणजे एक मीटर दूरच्या पडद्यावर मधल्या जागेपासून जवळजवळ ४४ सेंटिमीटर अंतरावर पडतो. मीटरपट्टीने प्रकाशाची तरंगलांबी मोजता यावी, याहून मोठे नवल शाळेच्या प्रयोगशाळेत कोणते? शलाकेच्या वाटेत डोक्याचा एक केस ताणून धरला, तर भिंतीवर उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटतात. दोन मीटरवर लागोपाठच्या काळ्या पट्ट्यांत साडेअठरा मिलिमीटर भरले, की केस सुमारे ७० मायक्रॉन जाड आहे असे समजावे.

शाळांनी मात्र सोपा मार्ग धरला आहे. साहित्य फुटेल, अपघात होईल या भयाने कपाटाला कुलूप लागते, आणि मुलगा मग कोणालाही न विचारता आपल्या खोलीचे दार लावून काड्या पेटवितो.

आमच्या शेजाऱ्याचा लेसर दुसऱ्याच आठवड्यात बंद पडला. डायोडची तार सैल होती. ती सुटली तेव्हा धारित्र पूर्ण भरले, आणि पुन्हा टेकताच साठलेला सगळा प्रवाह त्या दाण्याएवढ्या डायोडमधून गेला. तो हिरमुसला होऊन आला, तेव्हा आम्ही कागदावर ३९ ओहमचे गणित मांडले. नवा डायोड तो पाच मिलिवॉटचा घेणार आहे. आजीचा केस आपल्या केसापेक्षा खरोखरच बारीक आहे काय, हे त्याला पाहावयाचे आहे.