कारखान्याचें घर

संस्कृतांत ‘वस्’ म्हणजे राहणें, आणि जींत राहावयाचें ती ‘वास्तु’. विटा, लोखंड व चुना यांची रचना म्हणजे नुसती इमारत. तींत माणसें राहूं लागलीं, तेथें त्यांचीं मुलें वाढलीं आणि त्यांचें वार्धक्यही तेथेंच आलें, म्हणजे मग ती वास्तु होते. हा भेद वैयाकरणांच्या कामाचा असेल, गृहस्थास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु न्यूयॉर्क शहरांतील एका जुन्या कारखान्यास घराचें रूप देतांना जी ओढाताण झाली, तिचें मूळ बव्हंशीं याच भेदाच्या विस्मरणांत सांपडतें. तिची हकीकत म्हणूनच वाचकांपुढें ठेवण्याजोगी आहे.

मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागांत, हडसन नदीच्या कांठीं, वेस्ट स्ट्रीट व बेथून स्ट्रीट जेथें मिळतात तेथें तेरा लहानमोठ्या इमारतींचा एक समूह आहे. दोन रस्त्यांचीं नांवें जोडून त्यास आज ‘वेस्टबेथ’ म्हणतात. मूळची ही जागा टेलिफोनचीं यंत्रें तयार करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची. १९२५ सालीं येथें बेल टेलिफोन लॅबोरेटरीज् ही संशोधनसंस्था सुरू झाली. ७ एप्रिल १९२७ रोजीं वॉशिंग्टन येथें बसलेल्या हर्बर्ट हूव्हर यांची मुद्रा व वाणी तारेवाटे आली, आणि जमलेल्या मंडळींनीं ती याच इमारतींत पाहिली व ऐकली. त्याच वर्षीं डेव्हिसन व जर्मर यांनीं इलेक्ट्रॉनच्या अंगीं तरंगाचा धर्म असल्याचें येथील प्रयोगानें दाखविलें, आणि १९३७ च्या नोबेल पारितोषिकांत डेव्हिसन यांस वांटा मिळाला. पुढें मालगाड्यांसाठीं उंच खांबांवरून लोहमार्ग बांधला गेला, तो तर या इमारतीच्या पोटांतूनच आरपार नेला होता. १९६६ सालीं संस्थेनें न्यू जर्सीचा मार्ग धरला आणि एवढा प्रचंड पसारा ओस पडला.

याच सुमारास शहरांतील कलावंत जागेच्या विवंचनेंत होते. ‘लॉफ्ट’ या शब्दानें आपल्या डोळ्यांसमोर पोटमाळा येतो. न्यूयॉर्कमध्यें मात्र लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा किंवा वखारीचा अखंड मजला. छत उंच, खिडक्या मोठ्या, मध्यें भिंत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराच्या जुन्या भागांतून लहान कारखाने उठूं लागले, तेव्हां रिकामे पडलेले हे मजले चित्रकारांनीं व शिल्पकारांनीं अल्प भाड्यानें घेतले. दिवसा तेथें काम करावें आणि रात्रीं तेथेंच अंथरूण टाकावें, असा त्यांचा क्रम असे. कायद्यास हें मान्य नव्हतें. ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेकडील भागास आगींच्या भयामुळें ‘नरकाचे शंभर एकर’ असें नांव पडलें होतें. १९६१ सालीं कलावंतांनीं शहराशीं झगडून एवढी सवलत मिळविली कीं, ‘येथें कलावंत राहतो’ अशा अर्थाचीं तीन आद्याक्षरें दारावर लावावीं, म्हणजे आग लागल्यास आंत माणूस आहे हें बंबवाल्यांस कळेल. १९६४ सालीं राज्याच्या कायद्यानें त्यांच्या राहण्यास मर्यादित मान्यता दिली. तथापि मालकानें जा म्हटलें तर जावें लागे. लॉफ्टांत राहणाऱ्यांस खरें संरक्षण मिळाले तें १९८२ च्या कायद्यानें.

अशा वेळीं बेल कंपनीची रिकामी इमारत कलावंतांना द्यावी, ही कल्पना पुढें आली. कलांना साहाय्य करणारी केंद्र सरकारची संस्था व जे. एम. कॅप्लन फंड हा खासगी निधि यांनीं ती उचलून धरली. रूपांतराचें काम रिचर्ड मायर या त्या वेळीं तरुण असलेल्या स्थापत्यविशारदाकडे आलें. कारखाना खोल असतो; त्याच्या मध्यभागीं उजेड पोंचत नाहीं. यंत्रास हें चालतें, माणसास चालत नाहीं. म्हणून मायर यांनीं मधल्या भागावरचें छप्पर काढून तेथें उघडा चौक केला. चौकाकडील भिंतींवर अर्धवर्तुळाकार सज्जे बसविले. आग लागल्यास त्यांवरून शेजारच्या घरांत जातां यावें, ही योजना. आंत भिंती शक्य तितक्या घातल्याच नाहींत. निजावें कोठें व चित्र काढावें कोठें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. १९७० सालीं सुमारें ३८० घरें तयार झालीं. अर्जदाराचें काम कलावंतांचीच समिति पाहत असे, आणि उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आंत असावें, अशी अट होती.

येथवर सर्व ठीक झालें. चौकाचें छप्पर काढणें ही गोष्ट बुद्धीनें सुटणारी होती. खरे प्रश्न पुढें आले. पहिला पैशाचा. भाडें अल्प ठेवावयाचें तर कर्जाचे हप्ते, दुरुस्ती व हिवाळ्यांतील उष्णतेचा खर्च भागवावयाचा कसा? थोड्याच वर्षांत भाडेवाढीवरून व्यवस्थापक व रहिवासी यांच्यांत तंटे झाले, आणि भाडें अडवून धरण्यापर्यंत मजल गेली.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. योजकांची अपेक्षा अशी कीं, होतकरू कलावंतानें येथें पांचएक वर्षें राहावें, नांव व पैसा मिळवावा, आणि मग दुसऱ्या होतकरूस जागा करून देऊन बाहेर पडावें. अपेक्षा उदात्त होती, पण फळास आली नाहीं. चांगलें चित्र काढणाऱ्यास पांच वर्षांत पैसा मिळतोच असें नाहीं. पुष्कळांस तो पन्नास वर्षांतही मिळत नाहीं. शिवाय सभोंवतालची वस्ती पाहतां पाहतां श्रीमंतांची झाली. वेस्टबेथ सोडणें म्हणजे बहुतेकांना शहरच सोडणें होतें. तेव्हां माणसें राहिलीं. त्यांचीं मुलें तेथें वाढलीं, आणि तरुणांसाठीं बांधलेलें हें स्थान वृद्धांचें झालें. बाहेर तिष्ठणाऱ्यांची यादी एवढी लांबली कीं २००७ सालीं नवीन नांवें घेणें बंद करावें लागलें.

येथें दोष कोणास द्यावा? बाहेरचा तरुण म्हणतो, ‘माझ्यासाठीं राखलेली जागा तुम्हीं अडविली.’ आंतला वृद्ध म्हणतो, ‘माझा संसार येथें झाला, आतां मीं कोठें जावें?’ दोघांचेंही म्हणणें खरें आहे. चूक त्यांच्या पूर्वीं झाली. धर्मशाळेस मुदत असते; घरास ती नसते. योजकांनीं नियम धर्मशाळेचा मनांत धरला आणि लोकांच्या हातीं किल्ली मात्र घराची दिली. पांच वर्षांनीं बाहेर पडणाऱ्यानें जावें कोठें, ती पुढची पायरी त्यांनीं बांधलीच नाहीं. दहा वेस्टबेथांनीं करावयाचें काम एकावर पडलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, घरांत नवी सून आली म्हणून कोणी सासूची मुदत संपली असें म्हणत नाहीं. एखादी खोली वाढविण्याचा विचार करतात.

२९ ऑक्टोबर १९१२ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१२ सालच्या त्याच तारखेस सँडी वादळांत हडसनचें पाणी वेस्टबेथच्या तळघरांत शिरलें. तेथें शिल्पकारांच्या व चित्रकारांच्या कामाच्या खोल्या होत्या. कित्येकांचें अनेक वर्षांचें काम पाण्याखालीं गेलें. अकराव्या मजल्यावर मर्स कनिंगहॅम यांची नृत्यशाळा चाळीस वर्षें चालली होती. तेथें नुकत्याच आलेल्या मार्था ग्रॅहॅम नृत्यसंस्थेचे पोषाख व नेपथ्यही तळघरांत होतें, त्याचीही तीच गत झाली. नदीकांठच्या कारखान्याच्या तळघरास पाण्याचें भय असतें. कारखान्याचें घर केलें म्हणून तें भय जात नाहीं.

सरकारनें या इमारतीचा मान राखला आहे. बेल संस्थेच्या संशोधनाची जागा म्हणून १९७५ सालीं ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, आणि २०११ सालीं शहरानेंही तिला संरक्षण दिलें. तिच्या दर्शनी भिंतीस आतां परवानगीवांचून कोणी हात लावूं शकत नाहीं. विटांची अशी नोंद करतां येते. राहणाऱ्यांच्या वाढत्या वयाची तरतूद मात्र दर पिढीस नव्यानें करावी लागते. जुनी इमारत राखून तींत माणसें वसविण्याचे बेत जगांत सर्वत्र होत आहेत, व ते स्तुत्य आहेत. परंतु उद्घाटनाच्या दिवशीं किती घरें झालीं एवढेंच न मोजतां, चाळीस वर्षांनीं तेथें कोण राहत असेल, जिना कोण चढेल आणि दुरुस्तीचा पैसा कोण देईल, याचाही हिशेब नकाशाबरोबरच मांडावयास हवा. वेस्टबेथमध्यें तो मागाहून मांडावा लागला; तरीही तेथील शेंकडों कुटुंबांना अर्धशतकाहून अधिक काळ निवारा मिळाला, हेंही विसरतां कामा नये.