नष्ट होणारी फाइल

आपल्याकडचं सरकारी दप्तर सहसा काही विसरत नाही. पणजोबांच्या नावाचा फेरफार तलाठ्याकडे निघतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी हिशेब आजही रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. म्हणूनच बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम २४ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चकित झाले. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचं सिद्ध झालं, तरी त्याची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावीत, असं ते कलम सांगतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ही मुदत सात वर्षांची आहे. कागद जपण्यासाठीच जन्माला आलेल्या यंत्रणेला कायदा इथे विसरायला लावतो.

हे विसरणं अर्धवटही नाही. पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर मोटरसायकल पळवणारा मुलगा उद्या पोलीस भरतीला उभा राहिला, तर तो जुना निकाल त्याच्या आड येऊ नये, अशी तरतूद आहे. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या एका नेमणुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरलं. मुलाचं नाव, पत्ता, शाळा बातमीत छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

इतकी सवलत कशासाठी? याचं एक उत्तर मला एका साध्या खेळात सापडलं. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायला दिली. पुढचा सिग्नल पिवळा होतो. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, पण लाल दिवा लागून समोर भिंत उभी राहिली की गाडी आपटली आणि गुण गेले. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी दोन मित्र बसले. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असले-नसले तरी फरक पडला नाही. तेरा ते सोळा वर्षांची मुलं मात्र एकटी असताना बरीच जपून खेळली आणि मित्र शेजारी बसताच त्यांनी पत्करलेला धोका जवळपास दुप्पट झाला. मुलगा तोच, खेळ तोच, बदललं फक्त शेजारचं माणूस. ‘पोरगं चांगलं होतं हो, संगतीनं बिघडलं’ हे आपल्या आयाबाया किती काळ म्हणत आल्यात!

ही ओढ कायमची नसते. गंभीर गुन्हे केलेल्या १३५४ तरुण मुलामुलींवर फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या दोन शहरांत सात वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचं गुन्ह्यांचं प्रमाण वयाबरोबर खूप खाली आलं. सुधारगृहात जास्त महिने काढल्याने मात्र जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही.

मग धाकाचं काय? ‘एकदा पोलीस स्टेशन दाखवा म्हणजे सरळ होईल,’ हे आपल्याला पटतं. अमेरिकेत ते पद्धतशीर करून पाहिलं गेलं. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात वाह्यात मुलांना नेत आणि जन्मठेपेचे कैदी त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत. १९७८ मध्ये त्यावर निघालेला माहितीपट खूप गाजला आणि ठिकठिकाणी तसे कार्यक्रम सुरू झाले. पुढे संशोधकांनी या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं.

आपला कायदा धाकाच्या वाटेने जात नाही, तो मुलाला जाणून घ्यायला निघतो. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे आणावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक बाई. नियम म्हणतो, मंडळाने उंच चौथऱ्यावर बसू नये आणि मंडळ आणि मूल यांच्यामध्ये साक्षीदाराचा पिंजरा किंवा गज नसावेत. भाषासुद्धा बदलते. आरोप करणारे शब्द या कामकाजात वापरायचे नाहीत. त्याला ‘आरोपी’ म्हणायचं नाही, तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. शब्द बोजड आहे खरा, पण त्यात एक बारकावा आहे. संघर्ष मिटू शकतो, शिक्का मिटत नाही.

आता या सगळ्या व्यवस्थेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा कागद. परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. त्याचा नमुना मिळवून मी सावकाश वाचला. घरात कोण कोण आहे, त्यांचं आपसात पटतं का, शाळा का सुटली, मित्र वयाने मोठे की बरोबरीचे, छंद कोणता, कमावत असेल तर पैसे कशावर खर्च होतात, त्याच्यावर कुणी अत्याचार केला का. ओळीमागून ओळ वाचताना गुन्हा मागे पडत जातो आणि एक मुलगा समोर येतो. मंडळ त्याला समज देऊन सोडेल, समुपदेशनाला पाठवेल, समाजसेवा करायला लावेल, परिविक्षाधीन ठेवेल की विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं धाडेल, हे या उत्तरांच्या आधाराने ठरायचं असतं. फाइल पुसायची तर आधी ती इतकी भरलेली हवी. अधिकारी चाळीचे जिने न चढता टेबलाशी बसूनच रकाने भरत असेल, तर ही सारी रचना पोकळ होते, आणि एका माणसाच्या डोक्यावर मुलांचा ढीग पडला की तेच होणार.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण इंजिनीअर भरधाव गाडीखाली गेले आणि काही तासांत अल्पवयीन चालकाला जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक खवळले, ते योग्यच होतं. ज्यांची मुलं गेली त्यांना तो निबंध डागण्या देणारा वाटला असेल. माझ्या मते तिथे दयेपेक्षा मोठी चूक घाईची होती, कारण एवढ्या वेळात कुणीही त्या मुलाला ओळखू शकलं नसतं. तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, पण महाराष्ट्राच्या मनात बाल न्याय म्हणजे निबंध हेच समीकरण बसलं. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा केलेल्यांसाठी या कायद्यात वेगळी वाट आहे. मुलाची मानसिक समज तपासून त्याला प्रौढासारखं खटल्याला सामोरं जायला लावता येतं आणि अशा प्रकरणात दोषी ठरल्यास कागद जपले जातात. पण त्यालाही फाशी देता येत नाही, आणि तो एकवीस वर्षांचा झाला की न्यायालयाने त्याच्याकडे पुन्हा पाहायचं असतं, हा बदलला का म्हणून.

मुंबईत डोंगरीला उमरखाडीचा जुना तुरुंग आहे. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर तिथे एकशे एक दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेलं पुस्तक आजही वाचायला मिळतं. त्याच आवारात पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. आज तिथे झोपणाऱ्या एखाद्या पोराबद्दलही कुणीतरी पानंच्या पानं लिहीत असेल, त्याचे मित्र, त्याची सुटलेली शाळा, त्याचा छंद. त्यातलं एकही पान उरू नये, अशी त्याच्यासाठी कायद्याची इच्छा आहे.