प्राचीन अथेन्समधील मृत्पात्रकला आणि सामूहिक मद्यपानाचा विधी

प्रस्तावना :
आज ‘परिसंवाद’ या अर्थाने रूढ झालेल्या ‘सिम्पोझियम’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘एकत्र मद्यपान’ असा आहे. इ.स.पूर्व सहाव्या व पाचव्या शतकांत अथेन्समधील प्रतिष्ठित पुरुष भोजनानंतर घरातील ‘आंद्रोन’ या दालनात एकत्र येत व मंचकांवर रेलून मद्य, काव्य व संभाषण यांचा आस्वाद घेत. या विधीचे स्वरूप तेथील मृत्पात्रांच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पात्रांची रचना व मद्यपानाचे नियम :
निर्भेळ द्राक्षमद्य पिणे ग्रीकांना असंस्कृतपणाचे वाटे. ‘क्रेटर’ या मोठ्या पात्रात मद्य व पाणी यांचे मिश्रण केले जाई. ‘मिसळणे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनच त्यास हे नाव मिळाले. मिश्रणाचे प्रमाण सभेचा प्रमुख ठरवीत असे. सर्वांचे मद्य एकाच पात्रातून येत असल्याने कोणी किती तीव्र प्यावे, हा वैयक्तिक निवडीचा प्रश्न उरत नसे. पिण्यासाठी दोन कानांचा, उथळ व रुंद ‘कायलिक्स’ हा पेला वापरीत. काही पेल्यांच्या बाहेरील बाजूस मोठे डोळे रंगविलेले असत. पेला ओठांशी नेताच पिणाऱ्याचा चेहरा मुखवट्यासारखा दिसे.

चित्रांतील आदर्श व वास्तव :
एक्सेकिआस या कलावंताने इ.स.पूर्व 530 च्या सुमारास घडविलेल्या, आज म्युनिक येथे असलेल्या पेल्याच्या आतील भागावर नौकेत पहुडलेला मद्यदेव डायोनिसस आहे. मद्य संपत जाई, तसतसे हे चित्र प्रकट होई. याउलट, व्युर्झबुर्ग येथील ब्रिगोस चित्रकाराच्या पेल्यात अतिपानाने ओकणारा तरुण व त्याचे मस्तक सावरणारी स्त्री दिसते. म्हणजे संयमाचा भंगही पिणाऱ्याच्या हातातील पेल्यावरच चित्रित होता.

या सभेत कुलीन पत्नींना स्थान नव्हते. पेले भरणारे दास, बासरीवादक स्त्रिया व गणिका उपस्थित असत, परंतु सहभागी म्हणून नव्हे.

निष्कर्ष :
एका क्रेटरमधून पिणाऱ्यांची समता ही मोजक्या पुरुषांपुरतीच मर्यादित होती. म्हणूनच ही मृत्पात्रे केवळ कलावस्तू ठरत नाहीत. समाजाने आखलेली मर्यादा, तिचे उल्लंघन आणि त्या वर्तुळाबाहेर ठेवलेली माणसे, या तिन्हींची साक्ष ती एकाच वेळी देतात.