गदिमांची गाणी : दुसऱ्या गळ्यांतली

ग. दि. माडगूळकरांची गाणी जमवणाऱ्यांमध्ये एक वेगळा वर्ग आहे. मूळ ध्वनिमुद्रिका त्यांना हवी असतेच, पण तेच गाणे पुढे कोणी म्हटले, किती कडवी म्हटली आणि चाल कुठे वळवली, याचा माग काढण्यात त्यांचा खरा जीव गुंततो. सातारा-सांगली भागात हा शौक रुजायला कारणही घरचेच आहे. गदिमा १ ऑक्टोबर १९१९ रोजी आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मले आणि त्यांच्या शिक्षणाची काही वर्षे औंधला गेली. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आणि औंध साताऱ्यात असले, तरी दोन्ही गावे औंध संस्थानचीच होती. सांगली जिल्हाही १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने निघाला आणि १९६० साली त्याला आजचे नाव मिळाले. त्यामुळे गदिमा कोणत्या जिल्ह्याचे, हा वाद दोन्हीकडच्या लोकांना गैरलागू वाटतो. वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे पी. सावळाराम हे याच मातीतले दुसरे मोठे गीतकार. त्यांच्या गाण्यांचेही संग्राहक आहेत, पण आवाजांची विविधता पाहायची तर गदिमांकडेच यावे लागते.

या विविधतेचा गाभा म्हणजे गदिमांनी गीतांतून सांगितलेली रामकथा, गीतरामायण. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी ही मालिका पुढच्या रामनवमीपर्यंत चालली. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीतांची संख्या छप्पनवर गेली. चाली सगळ्या सुधीर फडके यांच्या, पण गाणारे अनेक होते. रामाची गीते मुख्यतः फडक्यांकडे, सीतेची माणिक वर्मांकडे, आणि शिवाय वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर असे त्या काळचे कितीतरी गळे त्यात होते. सांगलीत बालपण घालवलेल्या लता मंगेशकरांनीही सीतेचे एक गीत म्हटले. थोडक्यात, रेडिओवरचे मूळ गीतरामायण हे कानांनी पाहायचे नाटक होते. ज्याची भूमिका, त्याचा आवाज.

पुढे फडके छप्पन गीते एकट्याने गाऊ लागले. देशात आणि परदेशात त्यांचे शेकडो प्रयोग झाले. १९६५ साली एचएमव्हीने दहा एलपींचा संच काढला, तोही त्यांच्याच आवाजात. तेव्हापासून गीतरामायण म्हणजे बाबूजींचा, म्हणजे फडक्यांचा, आवाज, हे समीकरण इतके पक्के झाले की मूळ गायकांची नावे ऐकून तरुण श्रोते चकित होतात. एरवी पहिला आवाज प्रमाण ठरतो आणि नंतरचे त्याच्याशी ताडून पाहिले जातात. इथे दुसरा आवाज प्रमाण झाला आणि पहिलाच दुर्मिळ ठरला. याचे कारण केवळ एलपीच्या खपात शोधणे अपुरे आहे. कौसल्या, कैकेयी, सीता, जटायू या सगळ्यांचे बोलणे एकाच पुरुषाच्या तोंडून ऐकायची सवय मराठी माणसाला कीर्तनाने लावलेली होती. आटपाडीकडच्या माणदेशात कीर्तन-भजन ऐकत वाढलेल्या या कवीने ती गीते लिहितानाच बोलणारा कोण हे शब्दांतून इतके स्पष्ट केले आहे की गाणाऱ्याला आवाज बदलावा लागत नाही. दुसऱ्या गळ्यात गेल्यावरही गदिमांचे गाणे उभे राहते ते या गुणामुळे, आणि संग्राहकाच्या कष्टाचे चीज होते तेही याच गुणामुळे.

तुलना करायला सीतेची गीते सर्वांत चांगली. माणिक वर्मांच्या गळ्यात ठुमरीचा लगाव आहे. त्यांची सीता स्वतःशी बोलते. फडके तीच ओळ शब्दोच्चार सांभाळून, समोरच्या माणसाला सांगावी तशी म्हणतात. त्यांची सीता कथेतली आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण हा फरक एकापाठोपाठ एक ऐकल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी दोन्ही मुद्रणे जवळ असावी लागतात आणि अडचण नेमकी तिथेच आहे. १९५५ साली घरात रेडिओ असणे हीच मोठी गोष्ट होती, त्यासाठी परवाना काढावा लागे. स्पूलवर मुद्रण करणारे यंत्र तर अगदी मोजक्या घरांत. त्यामुळे मूळ प्रक्षेपणाची एखादी खासगी प्रत सापडली, तर ती खरखरीसकट मोलाची ठरते.

भाषांतरित गीतरामायण ही संग्रहाची आणखी एक शाखा. हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत अशा भाषांत ते फडक्यांच्याच चालींवर बसवले गेले. संस्कृत रूपांतर वसंत गाडगीळांचे, गुजराती हंसराज ठक्कर यांचे. जत आणि मिरज या तालुक्यांत अनेक घरांत कानडी बोलली जाते, तिथल्या श्रोत्याला कन्नड आणि मराठी दोन्ही रूपे सारख्याच जवळिकीने ऐकता येतात. चाल तीच, पण ऱ्हस्व-दीर्घ बदलले की ठेका कसा हलतो, हे त्यांना लगेच समजते.

गीतरामायणाबाहेर मामला मोकळा आहे. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटातली, साताऱ्याच्या वाटेवरच्या बुगडीची लावणी आशा भोसलेंनी वसंत पवारांच्या संगीतात म्हटली. सिनेमातून ती तमाशाच्या फडांत, ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या बँडमध्ये गेली. बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर शब्द नसतात, तरी गाणे ओळखू येते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मधला, भीमसेन जोशींनी गायलेला आणि पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेला अभंग तर अनेक भजनी मंडळे संतवाणी समजूनच म्हणतात. कवीचे नाव गळून पडणे हा त्याच्या रचनेचा मोठाच सन्मान आहे, पण नोंद ठेवणाऱ्याने ते नाव परत जोडलेच पाहिजे.

नोंदीची शिस्त नसेल तर संग्रह म्हणजे नुसता ढीग. चांगल्या वहीत गाण्याचा मुखडा, गायक, संगीतकार, चित्रपट किंवा कार्यक्रम, साल, तबकडीचा क्रमांक आणि लेबलजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक एवढे असतेच. त्यापुढचा रकाना कडव्यांचा. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटेच मावत, म्हणून जुन्या मुद्रणांत कडवी गाळलेली असतात. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मिळत. दहा एलपींच्या वीस बाजूंत छप्पन गीते बसवायची, तर बाजूला सरासरी तीनच येतात. खासगी कॅसेटवर तर पेन्सिलने लिहिलेले ‘रामनवमी, देवळात’ एवढेच असते आणि हार्मोनियमवर कोण, तबल्यावर कोण, हे कायमचे हरवते. साथीदारांची नावे टिपणे ही सर्वांत उपेक्षित आणि म्हणूनच सर्वांत निकडीची गोष्ट आहे.

देवाणघेवाणीत कॉपीराइटचा कायदा लक्षात ठेवावा लागतो. गीत आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. फडके २००२ साली गेल्याने चालींची मुदत २०६२ पर्यंत जाते. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात, म्हणून १९६५ च्या संचाची मुदत २०२५ अखेर संपते. मुद्रण मोकळे झाले तरी त्यातले शब्द आणि चाल मोकळे होत नाहीत, हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुने गाणे नव्या आवाजात विकायचे असेल, तर या कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबून, आगाऊ सूचना आणि मानधन देऊन परवाना घेता येतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या गायनाला कायद्यात सूट आहे. रामनवमीला गावोगाव होणारे विनामूल्य कार्यक्रम त्यात बसतात.

संग्राहकांची संघटित कामेही आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या तबकड्यांच्या याद्या आणि माहिती छापायला सुरुवात केली. लहान गावांतला ठेवा मात्र अजून ट्रंकांत पडून आहे. स्पूल आणि कॅसेटची फीत ओलीने बुरशी धरते, थर सुटतो आणि वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. अशी फीत संगणकावर उतरवताना आधी एकदाही वाजवून पाहू नये, पहिल्याच फेरीत मुद्रण करून घ्यावे. खरखर काढलेली प्रत ऐकण्यासाठी वेगळी करावी आणि न सुधारलेली प्रत तशीच जपावी. तिच्याबरोबर कॅसेटच्या कागदाचे छायाचित्रही ठेवावे, मग त्यावर केवळ ‘रामनवमी, देवळात’ एवढेच लिहिलेले का असेना.