'नको', 'नये' आणि 'मी करणार नाही'

आज्ञार्थी वाक्य नकारार्थी करावयाचे असेल, तर केवळ एक 'न' जोडून भागत नाही. दूरच्या स्पॅनिश भाषेतही हेच आढळते. 'आब्ला' म्हणजे 'बोल'. परंतु 'बोलू नको' म्हणावयास 'नो आब्लेस' म्हणावे लागते. 'कोमे' म्हणजे 'खा', तर 'नो कोमास' म्हणजे 'खाऊ नको'. नियमित क्रियापदांत अंत्य 'आ'चा 'ए' व 'ए'चा 'आ' होतो आणि पुढे 'स' येतो. आदरार्थी रूपात मात्र क्रियापद बदलत नाही.

मराठीतही 'कर'चे 'न कर' होत नाही. धातूला 'ऊ' लागून 'करू', 'जाऊ', 'देऊ' अशी रूपे होतात, ती स्थिर राहतात आणि वचनाचा भार 'नको' व 'नका' यांवर पडतो. घाटावरच्या ग्रामीण बोलीतील 'करू नगं' याची रचना हीच. मुलांच्या तोंडी ते आले म्हणून हसण्याचे कारण नाही. हैदराबादकडील दख्खनीनेही हा शब्द 'नक्को' म्हणून आपलासा केला आहे.

'मला भात नको' यातही हाच शब्द आहे. म्हणजे 'पळू नको' म्हणताना बोलणाऱ्याची नापसंती उघड असते. 'नये'मध्ये तो बोलणारा दिसेनासा होतो. 'फुले तोडू नयेत' असे कोण म्हणतो? फलकांना हे रूप प्रिय आहे ते बहुधा यामुळेच.

पंचशीलात यांपैकी काहीच नाही. पालीत निषेधासाठी 'मा' हा शब्द आहे. 'मा भायि' म्हणजे 'भिऊ नको'. तरी शीलात तो येत नाही. तेथे 'वेरमणी', म्हणजे अलिप्त राहणे, आणि 'समादियामि', म्हणजे 'मी ग्रहण करतो', असे शब्द येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी अनेकींचा शेवटही 'करणार नाही' असा होतो. लाखो लोकांनी त्या दिवशी आज्ञा ऐकली नाही, वचन उच्चारले. कर्ता 'मी' होता. पिढ्यान्‌पिढ्या 'येथे येऊ नये, यास शिवू नये' असे ज्यांना ऐकावे लागले, त्यांच्या मुखी हे रूप येणे ही व्याकरणापुरती बाब नव्हती.

मढ परिसरातील आपल्या मुलांना वसतिगृहाचे नियम या प्रथम पुरुषात लिहावयास सांगून पाहावे. 'दिवे मालवल्यावर बोलू नये' याचे 'मी बोलणार नाही' सहज होईल. विहिरीकडे धावणाऱ्या लहानग्याला मात्र 'जाऊ नको' असेच ओरडून सांगावे लागेल.