पाळणाघरासाठी अग्निशामक सिलिंडर
पाळणाघरात आगीचा धोका मुख्यतः स्वयंपाकघरात आणि विजेच्या बोर्डापाशी असतो. गाद्या, कागद, वीज, गॅस या सगळ्यांवर चालणारा एबीसी पावडरचा सिलिंडर इथे सर्वांत सोयीचा; आयएसआय चिन्ह मात्र पाहूनच घ्यावा. पावडर उडाली की खोलीत काही दिसत नाही, मुलांना ठसका लागतो. म्हणून आधी मुले बाहेर, मग सिलिंडर. छोट्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने जीव गुदमरू शकतो. तिथे तो नकोच. कढईतल्या पेटत्या तेलावर पाणी कधीही ओतू नये, त्यासाठी वेट केमिकल प्रकार मिळतो.

६ किलो पावडरचा सिलिंडर प्रत्यक्षात बराच जड भरतो. सांभाळणाऱ्या ताईंना तो झटकन उचलता येत नसेल, तर ४ किलोचाच बरा. तो दाराजवळ, मुलांचा हात पोहोचणार नाही असा टांगावा. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला पाहावे.