आकडे वेडेवाकडे, चाल मात्र नियमाची!

कॅल्क्युलेटर काढा. ० आणि १ च्या मधला एक आकडा घ्या. तो १ मधून वजा करा, आलेल्या उत्तराला मूळ आकड्याने गुणा आणि मग ४ ने गुणा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. ०.३ पासून निघालात तर ०.८४, ०.५३७६, ०.९९४३, ०.०२२५ अशा उड्या सुरू होतात. आता ०.३०१ घेऊन बघा. पहिली दोन-तीन उत्तरं जवळपास तीच येतात, पण दहावं उत्तर पहिल्या खेपेला ०.०४ आणि दुसऱ्या खेपेला ०.६२! यात नशिबाचा काडीचाही संबंध नाही, नियम एका ओळीचा आहे. केऑस म्हणतात तो हाच.

मग तो खऱ्या रँडमपासून वेगळा ओळखायचा कसा? आलेखाच्या कागदावर आडवा घ्या एक आकडा, उभा घ्या त्याच्या लगेच पुढचा. रँडम आकड्यांचे ठिपके कागदभर विखुरतात. आपले ठिपके मात्र एका रेखीव कमानीवर जाऊन बसतात. इतका देखणा पुरावा गणितातही क्वचितच मिळतो!

कधी कधी जोड्या लावून भागत नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर ‘रँडू’ नावाचा आकडे पुरवणारा प्रोग्रॅम सर्रास वापरात होता. त्याचे आकडे तीन-तीनच्या गटाने त्रिमितीत मांडले, तर सगळे ठिपके अवघ्या १५ समांतर प्रतलांवर येतात. रँडमचा मुखवटा गळून पडला! त्या भरवशावर केलेल्या हिशेबांची आजही काळजी वाटते.

रोगांच्या साथींचीही अशी झडती झाली आहे. १९९० मध्ये जॉर्ज सुगिहारा आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या गोवर आणि कांजिण्यांच्या रुग्णांचे महिन्यागणिक आकडे तपासले. कसोटी साधी होती. केऑस असेल तर नजीकचा अंदाज बरा जमतो आणि लांबचा ढासळत जातो. निव्वळ गोंगाट, म्हणजे रँडम चढउतार, असेल तर जवळ काय नि लांब काय, चूक तेवढीच. गोवरात केऑसच्या खुणा सापडल्या. कांजिण्यांत ऋतुचक्र होतं आणि त्यावर गोंगाट.

केऑस आकाशातही आहे. शनीचा चंद्र हायपेरिऑन न्यूटनचे नियम तंतोतंत पाळतो, तरीही अशा कोलांट्या खातो की पुढे कधी त्याचं तोंड कुठे असेल, हे फार आधी सांगता येत नाही.

आणि अस्सल रँडम? ब्रिटनमध्ये प्रीमियम बाँड या सरकारी बचतरोख्यांची बक्षिसं १९५७ पासून ‘अर्नी’ नावाचं यंत्र काढतं. पहिला अर्नी निऑनच्या नळ्यांमधल्या विद्युत गोंगाटातून आकडे वेचायचा. २०१९ मध्ये आलेला पाचवा अर्नी त्यासाठी प्रकाशाचे पुंजगुण वापरतो.